आईची पावडर

आई गेल्यापासून मी तिच्या पावडरचा वास शोधत होते. झाकणात आरसा असलेली तिची सोनेरी डबी आता रिकामी होती आणि ती पावडर बाजारातून कधीच गायब झाली होती. हल्ली जुन्या धाटणीच्या मेकअपची फॅशन आली आहे म्हणून मी दुकानांमागून दुकानं पालथी घातली आणि दिसेल ती डबी हुंगली. एका विक्रेतीने तर विचारलंच, "मॅडम, चेहऱ्याला लावायचीये की खायचीये?"

शेवटी आईच्याच कंपनीने पुन्हा बाजारात आणलेली, अगदी तशीच सोनेरी डबी मिळाली. घरी येऊन मावशीसमोर ती उघडली, तर आतून गुलाबाचा उग्र दर्प आला. माझा धीरच सुटला.

"हा आईचा वास नाही गं. तिच्या कुशीत शिरलं की यायचा, तो किती मऊ होता!"

मावशीने डबी नाकाशी नेली आणि दोनदा शिंकली. "हाच खरा वास. ताईच्या लग्नात ती डबी मीच दिली होती ना! पण त्यातली पावडर तू जन्मायच्या आधीच संपली."

"मग ती इतकी वर्षं काय लावत होती?"



"तुझी बेबी पावडर. तू कॉलेजात जायला लागलीस, तरी दुकानदाराला सांगायची, 'बाळासाठी हवीये.'"