टेपचं दुसरं टोक

सात नळ, पाच खिडक्या, अकरा दिवे, दोन गॅलऱ्या. तिने सातही नळ एकदम सोडले आणि धार बारीक होते का ते पाहिलं. होत नव्हती. मग कपाटं पुढे ओढायला लावली आणि मागच्या भिंतींवर तळहात टेकवून ओल चाचपली. भिंती कोरड्या होत्या.

"ताई, घर बघताय की पोस्टमॉर्टेम करताय?" दलाल म्हणाला.

ती हसली नाही. मागच्या वेळी ताज्या रंगाला भुलून घेतलेलं घर वर्षभरात भिंतींतून पाझरायला लागलं होतं. लेकीला दमा तिथेच जडला. ते घर मिळेल त्या भावाला विकून तिघं भाड्याच्या खोल्यांत आली, आणि आता त्या खोल्याही मालकाला परत हव्या होत्या. दुधाने तोंड पोळलं होतं, त्यामुळे यंदा ती ताकही फुंकून पीत होती. ऊन कुठून येतं ते पाहायला ती इथे सकाळी येऊन गेली होती, शेजारी किती भांडतात ते ऐकायला संध्याकाळी. वकिलाने कागद तपासले होते. घर विकणाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर होतं. ते विकण्याचा अधिकार त्यांनी मुलाला रीतसर सही करून दिला होता. खोट म्हणून कुठे सापडत नव्हती.

"मागची खोली तेवढी राहिली," ती म्हणाली.

"तिथे बाबा झोपलेत. बाकीच्यांसारखीच आहे ती," मुलगा म्हणाला. "विश्वास ठेवा."

"हिचा विश्वास फक्त हातातल्या मोजायच्या टेपवर," तिचा नवरा म्हणाला.

दलालाला तेवढ्यात पाण्याची टाकी दाखवायची आठवण झाली. गच्चीची किल्ली मुलाकडे होती, म्हणून त्यालाही वर जावं लागलं. मागोमाग नवराही गेला.

तिने दार हळूच लोटलं. म्हातारा जागा होता. कॉटवर बसून चष्मा पुसत होता. पंखा बंद असूनही खोलीत वारा खेळत होता. लेकीचा पलंग तिने मनातल्या मनात खिडकीखाली लावूनही टाकला.

"ये, ये. रंगवाल्यांकडून आलीस ना? पोरगा म्हणाला होता, मापं घ्यायला माणसं येतील."

तिने टेपचं टोक बाहेर ओढलं.

"एकटीनं कसं मोजशील पोरी? आण ते टोक इकडे." तो भिंतीच्या आधाराने उठला. "फिका रंग दे हो. गडद असला की भिंत कुठे संपते ते मला कळत नाही, धडकतो. आता जे काही दिवस उरलेत ते याच खोलीत काढायचेत. त्यासाठी तर सही दिली त्याला. म्हणाला, रंगाला कर्ज काढावं लागेल."

"आजोबा, कागद वाचला होता तुम्ही?"

"वाचतोय कसला? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि पोटच्या पोरानं आणलेला कागद कोणी वाचतं होय?"

जिन्यावर पावलं वाजली. ती इतके महिने डोळ्यांत तेल घालून शोधत होती ती खोट टेपचं टोक भिंतीला घट्ट टेकवून समोर उभी होती.

"धरलंय बघ," म्हातारा म्हणाला. "हलणार नाही."

नवरा दारात आला. त्याच्या मागे मुलगा, चेहरा उतरलेला. तो आधी वडिलांकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला.

"काय गं?" नवऱ्याने विचारलं. "सगळं ठीक आहे ना?"

तिने वाकून आकडा दोनदा पाहिला.

"अकरा फूट सात इंच," ती म्हणाली.