भुताने खाल्लेली लाकडे

जंगलातून लाकूड वाहून आणणारी अरुंद रुळांची रेल्वे का बंद पडली, हे संग्रहालयाच्या फलकासाठी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना एका ओळीत लिहायचे होते. लोकांच्या मते डबे जंगलातून शिगोशीग भरून निघत आणि वखारीत रिकामे पोहोचत. वाटेत म्हणे भूत लाकडे खाई. उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे होते त्याच गाडीचे निवृत्त चालक, म्हणजे प्राध्यापकांचे सासरे.

"राहू द्या ना भूत, जावईबापू," सासरे गयावया करत म्हणाले. "बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"पुराव्याशिवाय मी भूत लिहिणार नाही, मामा. इंजिन कशावर चालायचं?"

"लाकडावर."

"आणि ते लाकूड कुठून घ्यायचात?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हाताशीच होतं की. मागच्या डब्यांत."

प्राध्यापकांनी पेनाचे टोपण काढले. सासऱ्यांनी त्यांचा हात धरला.

"लिहायचंच असेल, तर हेही लिहा. गाडी एकदाही उशिरा पोहोचली नाही!"