छत बसवण्याआधी

"बाबा, ही खेळण्यातली रेल्वे माझ्या फ्लॅटमध्ये कुठे मावणार? कुणाला तरी देऊन टाका आणि या माझ्याकडे," केतकी पुन्हा म्हणाली. आई गेल्यापासून बाबा या घरात एकटेच होते.

विनायकरावांनी डिंकाची बाटली उघडली. पुठ्ठ्याच्या इवल्याशा स्टेशनवर ते छत चिकटवायच्या तयारीत होते. केतकीने सहज आत डोकावून पाहिलं. वेटिंग रूममध्ये काडेपेटीच्या काड्यांचं बाकडं होतं. कोपऱ्यात तिपाईवर माठ होता, त्याला साखळीने बांधलेला पेलासुद्धा होता.

"छत बसलं की हे कुणाला दिसणार?"

"कुणालाच नाही. पण गाडी चुकलेल्या माणसाला तहान लागेल ना?"

केतकी गुडघ्यांवर बसली आणि तिने स्टेशनच्या खिडकीला डोळा लावला. बाल्कनीतलं ऊन इवल्या गजांतून आत येऊन बाकड्यावर पडलं होतं. बघता बघता ती खोली मोठी झाली, गार झाली; आता दारातून कुणीतरी पिशवी घेऊन आत येईल असं वाटून तिने श्वास रोखला.

बऱ्याच वेळाने ती उठली.

"माझ्या हॉलमधला सोफा काढून टाकते," ती हळूच म्हणाली. "रूळ तिथून नेऊ."