रेंजवरून आल्यावर

पोलिसांच्या फायरिंग रेंजवर दिवसभर सराव करून ममता घमापुरातल्या घरी आली, ती पार गळून. रेंजचा नियम कडक होता: हातांना, वर्दीला गोळ्यांचं विषारी शिसं लागलेलं असतं, अंघोळ केल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही. दीड वर्षाचा होऊनही अजून पाऊल न टाकणारा अश्वजीत पलंगाला धरून उभा होता. आईला पाहताच त्याने हात पसरले. ती न्हाणीकडे मागे मागे सरकू लागली.

"काहून वं, पोरापासून पळून राहिली?" सासूबाई म्हणाल्या.

"रुको ना राजा, अंघोळ करून येते."

न्हाणीच्या दाराला तिची पाठ टेकली, तेव्हा अश्वजीत पलंग सोडून, लटपटत, एकटाच चालत तिच्यापर्यंत पोचला होता. आणि तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.