धाकटीचे पापड

पापड लाटणाऱ्या बायकांच्या गटात नव्याने आलेल्या यंत्रबाईला सगळ्या, अगदी सर्वांत जुन्या गोदाक्काही, लाडाने ‘धाकटी’ म्हणत. पण सोमवारपासून तिचे पापड वाकडेतिकडे व्हायला लागले, तशी गटप्रमुख शालन वैतागली.

दुरुस्तीवाल्याने धाकटीला उघडून पाहिलं. “बिघाड काही नाही, ताई. ही मुद्दाम तसे लाटतेय.”

“काय गं, ही कसली थेरं? परत पाठवू का तुला?”

धाकटी शालनच्या कानाशी आली. “गोदाक्कांचा हात थरथरायला लागलाय. वाकडे पापड त्यांचेच आहेत, हे कळू नये म्हणून...”

शालनने दुरुस्तीवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं, गोदाक्कांशेजारी पोळपाट घेतला आणि पहिलाच पापड चांगला वाकडा लाटला.

गोदाक्का खुदकन हसल्या. “शालन, तुलापण हिचं वारं लागलं वाटतं!”