वरचं सारवण

संग्रहालयाच्या पायरीपाशी चांगुणाने चपला काढल्या. रेडिओवर शारजाची मॅच ऐकत बसलेला पहारेकरी हसला. हे देऊळ नाही ताई, चपला घाला, म्हणाला. तिने घातल्या नाहीत.

जयरामने तिला घाई केली नाही. नाशिकला गोदावरीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे गाडल्या गेलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर हिवाळाभर तो खोदायला होता. तिथून त्याने बायकोला माहेरी निरोपावर निरोप धाडले होते: एकदा येऊन बघ, मग जायचं तिकडं जा. ती आली होती, पण सांजच्याला आपण परत माहेरी, हे बजावूनच.

पहिल्या कपाटातली गारगोटीची पाती आणि खापरं पाहून तिने नाक मुरडलं. अशी खापरं-दगडं तर आमच्या नाल्यात कितीतरी पडलीत, तुमी उगाच उन्हात मेलात, असं म्हणून ती हसलीसुद्धा.

पुढच्या काचेपाशी मात्र थांबली. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. एकाची कड फुटलेली, आत मातीत रुतलेली इवली हाडं.

"पोर हाय," ती म्हणाली.

जयरामने मान हलवली. ते त्यानेच ब्रशने मोकळं केलं होतं. गेल्या आखाडात त्यांचं तान्हं बाळ गेलं, तेव्हा घराच्या मागच्या भिंतीशी खड्डाही त्यानेच घेतला होता. त्या घरात आता माझ्यानं चूल पेटायची नाही, म्हणून चांगुणा निघून गेली होती.

"कुठं पुरलं व्हतं?"

"घरातच. चुलीपासून हातभर."

"मग घर सोडलं असंल त्यांनी."

"नाय. वरून सारवलं. मग परत सारवलं. थरावर थर हायेत. अन् वरच्या, लय मागनंच्या सारवणात हे गावलं."

त्याने शेजारच्या काचेकडे बोट केलं. मातीचा बोटभर बैल, आणि तान्ह्या मनगटाला होतील एवढ्याशा शंखाच्या बांगड्या.

चांगुणाने बांगड्यांच्या काचेला कपाळ टेकलं. पहारेकरी खाकरला, पण उठला नाही.

"घर कवापासून सारवलं नाय?"

"तू गेलीस तवापासून."

"भेगा पडल्या असतील," ती म्हणाली. "सकाळी शेण लय लागंल."