पूर्वेकडची पाटी

"कुठं सापडली म्हणालात?" लुदिविनाने फोन कानाशी घट्ट धरला.

"दिनागात बेटावर, डॉक्टोरा. तुमचा नंबर लिहिलाय हिच्यावर."

दिनागात? ते तर पूर्वेला! इथला प्रवाह पश्चिमेला वाहतो. तिची उभी हयात त्याच्याच अभ्यासात गेली होती. प्रवाह कुठे नेतो ते बघायला कामिगिन बेटाजवळ सोडलेली केशरी लाकडी पाटी पश्चिमेला सिकिहोरच्या वाळूत मिळायची, फार तर नेग्रोसला. उलट्या दिशेला? छे!

कामिगिनजवळच तिच्या नवऱ्याची, एलिसेओची, होडी रिकामी मिळाली होती. तेव्हापासून ती दर वर्षी तिथे पाट्या सोडत होती. म्हणायला संशोधन, पण त्याचा देह कुठल्या किनाऱ्याला लागला, एवढंच तिला हवं होतं. उन्दासच्या दिवशी सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जायचं आणि ही एकटी घरात बसून राहायची. तो एकटेपणा तिला खायला उठायचा. पश्चिमेचा एकेक किनारा तिने पालथा घातला. पूर्वेला शोधायचं मनातही आलं नाही. देह काही प्रवाहाविरुद्ध जात नाही. पाट्याही बऱ्याच बेपत्ता व्हायच्या. "मासे गिळतात, मॅडम," विद्यार्थी चिडवायचे.

आता आपला नकाशाच चुकला असेल तर? आयुष्यभराचं काम पाण्यात गेलं तरी चालेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. पिशवीत मेणबत्त्या टाकून ती निघाली.

फोन करणारी मारिते दिनागातच्या किनाऱ्यावर मासे वाळत घालत होती.

"या, डॉक्टोरा! आधी चार घास खाऊन घ्या. तोंड बघा किती सुकलंय."

"नंतर. समुद्रातून वाहत आलेली माणसं तुम्ही कुठे पुरता?"

"वाहत आलेली?" मारिते हसली. "अहो, इथं वाहून गेलेली चप्पलसुद्धा परत येत नाही. जे पडेल ते पश्चिमेला जातं."

"मग पाटी कशी आली?"

"ती होय! आमचे हे आणतात. सुकी मासळी विकायला सिकिहोरला जातात ना, तिथल्या वाळूतून वेचून. पेटीभर साठवल्यात. चुलीत घालायला एक मागितली, तर अंगावर धावून आले! म्हटलं, ज्यांच्या आहेत त्यांनाच विचारावं, एवढं काय सोनं लागलंय त्यांना." तिने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. "ते बघा, आलेच."

लुदिविनाने वळून पाहिलं. एक होडी प्रवाह कापत किनाऱ्याकडे येत होती. सुकाणू धरून एलिसेओ बसला होता.